गाडी नक्की कोण चालवतंय?

आमच्या लेनर्डला चंद्राची भीती वाटते. संध्याकाळी टेकडीमागून चंद्र वर आला आणि तो जरा पिवळट असला, की लेनर्डला वाटतं पुढे सिग्नल आहे आणि तो आता लाल होणार. मग तो वेग कमी करतो. चंद्र काही लाल होत नाही. हिरवाही होत नाही. लेनर्ड आणखी वेग कमी करतो. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागतात. मग मी काच खाली करतो, हात बाहेर काढतो आणि सगळ्यांची माफी मागतो.

लेनर्ड हे आमच्या गाडीतल्या सॉफ्टवेअरचं नाव. आपोआप गाडी चालवणारं सॉफ्टवेअर. कंपनीने त्याला दुसरं भारदस्त नाव दिलं होतं. ते ऐकलं की वाटावं, आता आपण मागे पाय पसरून पेपर वाचायचा. पण त्याखाली बारीक अक्षरांत 'चालकाच्या देखरेखीखाली' असंही लिहिलं होतं, आणि ती बारीक अक्षरं मी पैसे भरल्यावर वाचली. लेनर्ड हे नाव माझ्या बायकोने, डोरीनने ठेवलं. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा लेनर्ड. तोही असाच, अत्यंत सभ्य, अत्यंत सावकाश, आणि कशाला घाबरेल याचा नेम नाही.

लेनर्ड आमच्याकडे आला तो डोरीनच्या डोळ्यांमुळे. तिला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही, आणि यात आपलं काही नुकसान झालेलं नाही असं ती डॉक्टरांना सांगते. तिने गाडी चालवणं सोडलं. कॅलिफोर्नियातल्या आमच्या लोमा सेका गावात बस नाही, रिकामा बसस्टॉप तेवढा आहे. किराणा, दवाखाना, चर्च, सगळं गाडीने. तेव्हा घरात चालक उरला एकच, मी, वेन्डेल प्रुएट, निवृत्त भूगोल शिक्षक, सत्तरी ओलांडलेला.

आता इथे आमची मुलगी मार्गो येते. ती बॉयसीला असते, म्हणजे दुसऱ्या राज्यात, आणि तिने आपल्या परसात आमच्यासाठी एक खोली बांधून ठेवली आहे. ती तिला 'कॉटेज' म्हणते. अट अशी ठरली आहे, की डॅडना गाडी चालवता येईनाशी झाली, की लोमा सेकाचं घर विकायचं आणि आम्ही दोघांनी त्या कॉटेजात जाऊन राहायचं. दर रविवारी ती फोनवर रंगांचे नमुने पाठवते. "डॅड, भिंतींना ओटमील बरा दिसेल की सेज?" मला ओटमीलची लापशी खायलाही आवडत नाही, भिंतीला कुठे लावू. आणि खरी गोष्ट ही, की आमच्या घरात डोरीन हातांनी बघते. कुठल्या खणात चमचे, कुठल्या कोपऱ्यात पायरी, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे. तिथून तिला उचलून ओटमील रंगाच्या खोलीत नेलं, तर ती एका दिवसात आंधळी होईल. हे ती बोलत नाही, मीही बोलत नाही. मी फक्त लेनर्डचे हप्ते भरतो.

देखरेख म्हणजे काय, हे शेवटच्या तासाला ज्याने वर्ग सांभाळलाय त्याला सांगायला नको. पोरं आपापला अभ्यास करत असतात, आपण नुसतं बसायचं. पण उठायचं नाही, डुलकी घ्यायची नाही, आणि काही फुटलं तर मुख्याध्यापक बोलावणार ते आपल्यालाच. लेनर्डचं असंच आहे. शिवाय आरशाच्या वर एक छोटा कॅमेरा बसवलेला आहे, तो रस्त्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. लेनर्ड रस्त्यावर नजर ठेवतो, मी लेनर्डवर नजर ठेवतो आणि कॅमेरा माझ्यावर. डोरीन म्हणाली, "बरं झालं, माझं एक काम कमी झालं."

आता आम्हा प्रुएट लोकांच्या पापण्या जड. माझ्या वडिलांच्या लग्नाच्या फोटोत ते गाढ झोपलेले दिसतात. ते जागे होते, असं आई शेवटपर्यंत सांगत होती. कॅमेऱ्याला हे घराणं माहीत नाही. मी टक्क जागा असलो तरी त्याला वाटतं, म्हातारा पेंगला. मग घंटी वाजते आणि गाडीतल्या पडद्यावर 'कृपया रस्त्याकडे लक्ष द्या' असं येतं. असं पाच वेळा झालं की लेनर्ड आठवडाभर बंद. ही चालकाला शिक्षा. जन्मभर मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, आणि म्हातारपणी माझ्याच गाडीने मला बाहेर उभं केलं.

यावर उपाय सांगितला नॉर्म ओयामाने. नॉर्म आमचा शेजारी, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, आणि आमच्यासारखीच गाडी बाळगणारा. मला ही गाडी घ्यायला लावणाराही तोच. लोक नातवंडांचं कौतुक सांगतात, तसं नॉर्म सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचं सांगतो. त्याला एकदाही शिक्षा झालेली नाही आणि हे तो न विचारता सांगतो.

"भुवया वर ठेव," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"पोचेपर्यंत."

मग मी भुवया वर करून किराणा आणायला जाऊ लागलो, भुवया वर करून दवाखान्यात जाऊ लागलो. बाजूच्या गाडीतले लोक माझा चेहरा बघायचे आणि दचकून मागे वळायचे, की याला असं काय दिसलं. कपाळ दुखायचं. चर्चपर्यंत पोचलो तरी भुवया खाली यायला वेळ लागायचा. एका रविवारी पाद्रींनी डोरीनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? वेन्डेल कशाने एवढा हादरलाय?"

थांब्याच्या पाट्यांचं दुखणं वेगळंच. आमच्याकडे चौकात लाल अष्टकोनी पाटी असते, तिच्यावर 'थांबा' लिहिलेलं असतं, आणि तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत असा कायदाही आहे. पण कॅलिफोर्नियात वाढलेला माणूस तिथे थांबत नाही, थांबल्यासारखं करतो. गाडी हळू होते, चाकं फिरतच राहतात, एक नजर डावीकडे, एक उजवीकडे, आणि निघाला. पाटीपाशी कुणी खरोखर थांबलं, तर आम्ही त्याच्या नंबरप्लेटकडे बघतो, की हा कुठल्या राज्यातून आला. लेनर्ड खरोखर थांबतो. रेषेच्या बराच मागे थांबतो. तिथून कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही हे मग त्याच्या लक्षात येतं. तो वीतभर पुढे सरकतो आणि पुन्हा एकदा खरोखर थांबतो. तोवर मागच्या तीन गाड्यांनी माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार केलेला असतो.

त्यातून चारी बाजूंनी गाड्या आल्या, तर इथल्या रिवाजाप्रमाणे हात हलवावे लागतात. 'तुम्ही जा.' 'छे छे, आधी तुम्ही.' लेनर्डला हात नाहीत, आणि दुसऱ्याने हलवलेला कळतही नाही. त्यामुळे गाडी चालवायची त्याने आणि माणुसकी दाखवायची मी, अशी वाटणी झाली. मी इतका हात हलवू लागलो, की नॉर्मने मला विचारलं, निवडणुकीला उभा राहतोयस का.

तुम्ही म्हणाल, कंपनीकडे तक्रार करायची. केली. कंपनीला फोन करता येत नाही. ॲपमध्ये एक खिडकी आहे, तिथे लिहायचं. तिकडून ब्रायना नावाचं कुणीतरी उत्तर देतं. ते बाई आहे की लेनर्डचीच कुणी चुलत बहीण, हे मला अजून कळलेलं नाही. मी लिहिलं, चंद्र दिसला की गाडी थांबायला लागते. ब्रायनाने लिहिलं, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो, प्रसंगाच्या वेळी गाडी चंद्रापासून किती अंतरावर होती? मी भूगोलाचा शिक्षक. मी आकडा दिला. ब्रायनाने कळवलं, या अंतरावर गाडीचं वागणं अपेक्षेप्रमाणे आहे.

मधूनमधून लेनर्डला नवं अपडेट मिळतं. नवी अक्कल येते, तेव्हा जुन्यातली थोडी सांडते. आधी तो पुलाच्या सावलीला खड्डा समजून ब्रेक मारायचा. अपडेट आलं, सावलीची भीती गेली, आणि तिच्या जागी कचऱ्याच्या डब्यांबद्दल आदर उत्पन्न झाला. आमच्या रस्त्यावर गुरुवारी सगळ्यांचे डबे बाहेर येतात. गुरुवारी लेनर्ड प्रत्येक डब्यापाशी हळू होतो, लांबून वळसा घालतो आणि पुढच्या डब्याकडे जातो. डोरीन म्हणाली, "कुणाच्या अंत्ययात्रेला निघालोय का आपण?"

इतपत मी सोसलं. घोडं अडलं ते योलांडा पाचेकोबाईंच्या सांगाड्यापाशी.

पाचेकोबाई आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर राहतात. मागे एका हॅलोवीनला, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाला, त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा बारा फुटी सांगाडा आणून अंगणात उभा केला. असे सांगाडे इथे पुष्कळांनी आणले. ते घेणं सोपं असतं, पण नोव्हेंबरात ठेवायचे कुठे याचा विचार कुणी केलेला नसतो. पाचेकोबाईंनी तो ठेवलाच नाही कुठे, उभाच राहू दिला. नाताळात त्याला लाल टोपी, फेब्रुवारीत गळ्यात बदामांची माळ, जुलैत हातात झेंडा. ईस्टर आला तसे त्यांनी त्याला सशाचे गुलाबी कान लावले आणि रस्त्याच्या बाजूच्या हातात टोपली अडकवली. वारा आला की टोपली हलते, टोपलीबरोबर हात हलतो, आणि त्याच सुमारास आलेल्या अपडेटनंतर लेनर्डला दिसू लागलं, की फुटपाथवर एक उंच गृहस्थ रस्ता ओलांडायच्या बेतात उभे आहेत.

लेनर्ड पादचाऱ्याला वाट देतो. त्याचा हा गुण वाखाणण्यासारखा आहे. फक्त पादचाऱ्याने कधीतरी रस्ता ओलांडला पाहिजे.

पहिले काही दिवस मी ॲक्सिलरेटर दाबून पुढे जात होतो. मग म्हटलं, शेजारधर्म आहे, बोलून बघावं.

"पाचेकोबाई, तुमचा सांगाडा जरा मागे सरकवता का?"

"का हो?"

"आमच्या गाडीला तो रस्ता ओलांडणारा माणूस वाटतो."

बाईंनी आयुष्यभर रुग्णालयात नर्स म्हणून काम केलेलं. त्यांनी माझ्याकडे, मग गाडीकडे, मग सांगाड्याकडे पाहिलं. "तिला सांगा, तो गेलाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज केला. कमिटीने महिनाभर विचार करून कळवलं, की सांगाडा बांधकामात मोडत नाही, झाडांत मोडत नाही, वाहनांत मोडत नाही आणि रहिवाशांतही मोडत नाही, तेव्हा त्यावर कारवाई करण्याचा कमिटीला अधिकार नाही. मात्र पाहणीला माणसं आली होती, त्यांना माझी पत्रपेटी कललेली आढळली. ती सरळ करण्याची नोटीस सोबत जोडली होती.

नॉर्मकडे गेलो. तो म्हणाला, "चूक तुझी आहे. तू मध्ये पडतोस."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. तू ॲक्सिलरेटर दाबलास, की त्याला वाटतं, वेन्डेल आहे निस्तरायला. त्याला थांबू दे. त्याचा त्याला उलगडा होऊ दे. तसाच तो शिकतो."

मुलांना स्वतःच्या चुकांतून शिकू द्यावं, हे तत्त्व आम्ही मार्गोच्या वेळीही पाळलं होतं, आणि तिने परसात कॉटेज बांधलं. तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं. पण नॉर्मला एकदाही शिक्षा झालेली नव्हती.

त्या दुपारी मी डोरीनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेऊन येत होतो. शाळा नुकतीच सुटली होती, पोरांना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग आमच्या मागे होती. कोपरा आला. लेनर्ड थांबला. पडद्यावर पादचाऱ्याचं करडं चित्र उमटलं. मी पाय मागे घेतला, भुवया वर केल्या आणि शिकू देऊ लागलो.

"काय झालं?" डोरीनने विचारलं.

"काही नाही. लेनर्डला उलगडा होतोय."

वारा बरा सुटला होता. टोपली हलत होती. लेनर्ड मोठ्या अदबीने वाट बघत होता. मागे एक हॉर्न वाजला, मग दोन, मग सगळी रांग. मी काच खाली करून माफीचा हात बाहेर काढला. एक बाई ओरडली, "आजोबा, तो सांगाडा आहे हो." मला माहीत होतं तो सांगाडा आहे. प्रश्न मला माहीत असण्याचा नव्हताच. डोरीन म्हणाली, "वेन्डेल, जा ना पुढे." मी म्हणालो, "आत्ता मध्ये पडलो तर सगळं शिक्षण वाया जाईल." माणूस इतका गाढव कसा होऊ शकतो, असं आता वाटतं. पण आमच्यासारख्या गाड्या बाळगणाऱ्यांत असे पुष्कळ आहेत. यंत्राचं मन मोडू नये म्हणून ते रस्त्यात बसून राहतात.

शेवटी पोलीस आला. तरुण होता, शांत होता, चष्मा काढून माझ्या खिडकीशी वाकला.

"काय अडचण आहे, सर?"

"अडचण नाही. लेनर्ड त्या गृहस्थांना रस्ता ओलांडू देतोय."

त्याने सशाचे कान पाहिले. मग मागच्या सीटवर डोकावून पाहिलं. "लेनर्ड कोण?"

"गाडी."

"सर, गाडी कोण चालवतंय?"

इथे 'मी' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. सगळं तिथेच मिटलं असतं. पण मी पडलो शिक्षक. प्रश्न आला की उत्तर सविस्तर द्यायचं.

"तसं पाहिलं तर हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "कायद्याने मी चालवतोय. प्रत्यक्षात तो चालवतोय. मी देखरेख करतोय, आणि माझ्यावर हा कॅमेरा."

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कशाचं आश्चर्य वाटतंय का, सर?"

"नाही. भुवया आहेत त्या."

एवढ्यात पाचेकोबाई बाहेर आल्या आणि माझ्या सांगाड्याच्या नादी कोण लागलंय म्हणून विचारू लागल्या. मी गाडीतून उतरून त्यांना कमिटीचं म्हणणं सांगू लागलो. तोवर पोलीस पलीकडे जाऊन डोरीनच्या खिडकीशी काहीतरी बोलत होता. उन्हात बसलीय, पाणी हवं का, असं काहीतरी विचारत असेल, असं मी धरून चाललो. मग परत येऊन त्याने अगदी नम्रपणे मला सांगितलं, की मला लायसन्सच्या कार्यालयात जाऊन पुन्हा गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागेल. पास झालो तर ठीक. नाही झालो तर लायसन्स जमा.

लायसन्स गेलं की घर गेलं. हे हिशेबाचं काम नव्हतंच. मी तिथेच रस्त्यात, त्या सशाच्या कानांखाली उभा होतो आणि मला चक्क रडू येईल की काय असं वाटलं. मार्गोला काही कळवायचं नाही, एवढं आम्ही घरी पोचेपर्यंत ठरवलं. त्या संध्याकाळी डोरीन फारसं बोलली नाही. मला वाटलं, माझीच कीव आली असेल.

परीक्षेत लेनर्ड चालत नाही. स्वतः चालवायची. मला वाटलं, त्यात काय, मिसरूड फुटल्यापासून चालवतोय. सरावाला नॉर्मला शेजारी घेऊन निघालो. पहिला लाल सिग्नल आला, पुढे एक ट्रक उभा होता. मी त्याच्याकडे मोठ्या विश्वासाने बघत राहिलो.

"वेन्डेल, ब्रेक," नॉर्म म्हणाला.

"मारेल तो."

"तो बंद आहे. ब्रेक, ब्रेक."

आम्ही थांबलो तेव्हा ट्रकच्या मागे लिहिलेला फोन नंबर मला चष्म्याशिवाय वाचता येत होता. नॉर्मने डॅशबोर्डवर टेकलेले दोन्ही हात एकेक करून खाली घेतले. मग म्हणाला, "तुझी सवय सुटलीय." मला हे जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. वर्षभर मी घाबरत होतो, घामाघूम होत होतो, माफ्या मागत होतो. गाडी चालवणं तेवढं राहून गेलं होतं. दोन आठवडे आम्ही रिकाम्या पार्किंगमध्ये सराव केला. डोरीन रोज विचारायची, "कसं झालं?" मी रोज सांगायचो, "उत्तम."

परीक्षक म्हणून ज्या बाई आल्या त्यांचं नाव वुकोविच. त्यांचा चेहरा कसलीच बातमी देत नव्हता. डोरीन बाहेर झाडाखालच्या बाकावर बसली.

"काचेवरची वाफ घालवायचं बटण दाखवा," वुकोविचबाई म्हणाल्या.

आमच्या गाडीत बटणं नाहीत. सगळं पडद्यात, एकाच्या पोटात दुसरं. मी एक चित्र दाबलं, बाईंची सीट गरम व्हायला लागली. दुसरं दाबलं, डिक्की उघडली. तिसरं दाबलं तशी पडद्यावर शेकोटी पेटली आणि लाकडं तडतडू लागली. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. "हाताच्या खुणा," त्या म्हणाल्या. खिडकीतून हात काढून डावीकडे, उजवीकडे, थांबतोय, या खुणा मी अगदी अचूक केल्या. त्यात माझा वर्षभराचा सराव होता. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने उलट हात हलवला.

आम्ही निघालो. पहिली थांब्याची पाटी आली. मी रेषेच्या बराच मागे पूर्ण थांबलो. मग वीतभर पुढे सरकलो आणि पुन्हा पूर्ण थांबलो.

"दोनदा का थांबलात?"

"सवय."

"कुणाची?"

या वेळी मी सविस्तर उत्तर दिलं नाही. पुढच्या चौकात चारी बाजूंना हात हलवून माफी मागितली, कुणी काही म्हटलेलं नसताना. "हात स्टिअरिंगवर," बाई म्हणाल्या आणि टिपलं. एका घरापुढे कचऱ्याचा डबा होता. मी हळू झालो, वळसा घातला. टिपलं. मग एका वळणावर त्यांनी पेन थांबवून विचारलं, "तुम्हाला पुढे काही दिसलं का?"

"नाही. का?"

"तुमचा चेहरा."

मी भुवया खाली घेतल्या. घाम डोळ्यांत उतरला.

परत आल्यावर बाईंनी चुकांचा आकडा सांगितला. पंधरापर्यंत चालतात, असंही सांगितलं. "पास आहात. थांब्याच्या पाटीपाशी खरोखर थांबणारा माणूस मी फार दिवसांनी बघितला," असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. म्हणजे मी जे काही मार्क मिळवले ते लेनर्डची नक्कल करून. इतक्या वर्षांचा चालक, आणि पास झालो तो चंद्राला भिणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पुण्याईवर. पण मान ताठ ठेवून बाहेर आलो.

डोरीनला गाडीत बसवलं. मी माझ्या जागी बसलो. लगेच निघावंसं वाटेना.

"पास?" तिने विचारलं.

"पास."

"चुका किती?"

"चार-दोन. किरकोळ."

ती थोडा वेळ समोर बघत राहिली, म्हणजे जिथे समोर असेल तिथे. मग म्हणाली, "वेन्डेल, त्या दिवशी तो पोलीस माझ्या खिडकीशी आला होता ना. त्याने मला विचारलं, यांच्या गाडीत बसायची तुम्हाला भीती वाटते का. मी म्हटलं, मला माहीत नाही. मला दिसत नाही. तुमच्याकडे कुणी असेल तर त्याला नीट बघायला सांगा."

मला लागलं. फार लागलं. आपल्या बायकोने आपल्याला पोलिसाच्या हवाली करावं, तेही आपण दहा आघाड्यांवर तिच्याच घरासाठी भांडत असताना.

"मला विचारायचंस," मी म्हणालो.

"तुला रोज विचारते. तू रोज उत्तम म्हणतोस. मार्गोला विचारलं असतं, तर तिने रंगाचा डबाच उघडला असता." तिने पर्सचा बंद बोटांना गुंडाळला, सोडला. "मला घर सोडायचं नाहीये. पण तुझ्या शेजारी बसून मी नुसते आवाज ऐकते. ब्रेक करकचतो, कुणीतरी हॉर्न मारतं, ती घंटी वाजते. त्यातलं तुझं किती आणि लेनर्डचं किती, मला कळेना झालं होतं. कुणीतरी बघून सांगायला हवं होतं, वेन्डेल. मी रात्रभर त्याचाच विचार करत पडायची."

पार्किंगमध्ये एक मुलगा पहिल्यांदाच परीक्षेला निघाला होता, त्याची आई त्याच्या काचा पुसत होती. मी त्यांच्याकडे बघत बसलो. रागवायचं ठरवलं होतं, पण जमेना. ती माझ्या शेजारी वर्षभर, काही न दिसता, न बोलता बसत आली होती, आणि मी तिला 'उत्तम' म्हणत होतो.

"चौदा," मी म्हणालो.

"काय चौदा?"

"चुका. पंधरापर्यंत चालतात."

डोरीनने यावर विचार केला. मग पट्टा लावला आणि सीट जरा मागे केली.

"मग एक शिल्लक आहे," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत पुरव."